स्टॅम्प पेपरवर सही झाली, म्हणून हक्क संपत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात : आम्ही बडोद्यात राहतो. माझा मोठा भाऊ शहराबाहेरच्या जीआयडीसीतील (सरकारी औद्योगिक वसाहतीतील) एका रासायनिक कारखान्यात चार वर्षे ठेकेदाराकडे फिटर होता. वय ३५, पगार महिना १८,००० रुपये. २०२५ च्या नवरात्रात, सप्टेंबरच्या अखेरीस, टाकी साफ करायला उतरलेला एक हेल्पर गॅसमुळे बेशुद्ध पडला आणि त्याला बाहेर काढण्यासाठी दादा आत उतरला. हेल्पर वाचला, दादा गेला. तेराव्यानंतर ठेकेदार घरी आले, त्यांनी ३ लाखांचा चेक दिला आणि तीनशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आई आणि वहिनी यांच्या सह्या घेतल्या. आमचे पूर्ण समाधान झाले आहे, कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे कसलीही मागणी करणार नाही, असे त्यात लिहिले आहे. कारखाना म्हणतो, तो आमचा माणूस नव्हता. ठेकेदार म्हणतात, त्याला कोणी उतरायला सांगितले नव्हते आणि त्याने मास्कही लावला नव्हता. मला काही महिन्यांनी कारखान्यात नोकरी लावून देण्याचा शब्द मात्र त्यांनी दिला आहे. दादाला अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. आमचे वडील हयात नाहीत. काका म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि अडचणीत धावून आलेल्या माणसावर उलटू नये. आता दोन महिने होऊन गेले. सही करून आम्ही सगळे गमावले का?

उत्तर :

नाही, गमावलेले नाही. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण तुमच्या पत्रातला प्रत्येक पुढचा प्रश्न त्या एका कागदाच्या धाकाखाली लिहिलेला दिसतो.

कामावर मृत्यू आल्यास कुटुंबाला भरपाई देणारा मूळ कायदा १९२३ चा आहे. पुढे त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे नाव मिळाले. तुमच्या घरी जे घडले तसेच काही घडेल, हे तो करणाऱ्यांना पुरते ठाऊक असावे. त्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई मालकाने कुटुंबाच्या हातात द्यायचीच नसते. ती या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करायची असते आणि मालकाने परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. मालक अवलंबितांना उचल म्हणून काही पैसे देऊ शकतो आणि ते नंतर वजा होऊ शकतात, पण तेही मृताच्या तीन महिन्यांच्या पगारापर्यंतच. तुमच्या बाबतीत हा आकडा ५४,००० रुपये होतो. कलम १७ त्याहून सरळ आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार, तो कितीही रुपयांच्या स्टॅम्पवर असो आणि त्याखाली कितीही साक्षीदारांच्या सह्या असोत, त्या मर्यादेपुरता रद्दबातल असतो. नुकतेच माणूस गेलेले घर कशावरही सही करते, म्हणूनच ही तरतूद आहे.

‘कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या वाक्याचेही तेच. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालचा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्याचा खटला सरकार चालवते. आई आणि वहिनी यांनी कागदावर काही लिहून दिले म्हणून पोलिसांचे काम संपत नाही.

आता काकांच्या म्हणण्याविषयी. त्यांच्या मनातली भावना मला खोटी वाटत नाही. ठेकेदार घरी आले, चेक दिला, कदाचित रुग्णालयात आणि स्मशानातही ते तुमच्याबरोबर होते, आणि आपल्या घरांत अशा माणसाचे आपण मिंधे होतो. पण तो चेक मदत म्हणून आला असेल, तर मदतीच्या बदल्यात सही कशासाठी घेतली? आणि तो हक्काचा पैसा असेल, तर कायद्याने ठरवलेल्या हिशेबाच्या एक पंचमांशच का? ठेकेदार वाईट माणूस आहेत, असे मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही आणि तुमच्या दाव्यासाठी ते ठरवण्याची गरजही नाही. जबाबदार मालक या जबाबदारीचा विमा उतरवतात आणि तसा विमा असेल, तर भरपाईचा मोठा भार विमा कंपनीवर जातो. तुमच्या दाव्याने एखाद्याचे घर बुडेल, ही समजूत त्यामुळे अनेकदा खरी नसते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट म्हणजे ‘त्याने मास्कही लावला नव्हता’ हे वाक्य. हे तुम्ही ठेकेदारांचे म्हणून लिहिले आहे, पण ज्या तऱ्हेने लिहिले आहे त्यावरून ते तुमच्याही मनात घर करून बसले आहे, असे वाटते. चूक दादाचीच होती आणि दावा केला तर ती चारचौघांत उघडी पडेल, ही भीती तुमच्या गप्प राहण्यामागे असेल, तर कृपया पुढचे दोन मुद्दे शांतपणे वाचा.

१९२३ च्या कायद्याचा पायाच असा आहे की भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात नोकरी करत असताना आणि नोकरीच्या ओघात झाला, एवढे पुरते. कामगार दारू प्यायलेला होता, त्याने सुरक्षिततेचा नियम मुद्दाम मोडला, सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून ठेवले, असे बचाव मालकाला मिळतात खरे; पण इजेतून मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हे बचाव कायद्याने काढून घेतले आहेत. म्हणजे मास्कचा मुद्दा ठेकेदारांनी सिद्ध केला, तरी भरपाई टळत नाही. ‘त्याला कोणी सांगितले नव्हते’ या म्हणण्यालाही उत्तर आहे. दादा कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, कामावरच्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी उतरला. हे नोकरीच्या बाहेरचे कृत्य होते, असे म्हणणे कोणत्याही वकिलाला जड जाईल.

दुसरा मुद्दा टाकीचा. अपघाताच्या वेळी लागू असलेला कारखाने कायदा, १९४८ याचे कलम ३६ अशाच जागांसाठी आहे. ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये घातक वायू असण्याचा संभव आहे, तिथे तो वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय होईपर्यंत कोणालाही उतरू देता येत नाही. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे लागते, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचे योग्य उपकरण आणि कमरेला पट्टा द्यावा लागतो, ज्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात असते. आता मला सांगा, त्या हेल्परच्या कमरेला दोर असता आणि बाहेर तो धरणारा कोणी असता, तर दादाला आत उतरावे लागले असते का? मास्क दादाने का लावला नाही, हा प्रश्न विचारण्याआधी टाकीच्या तोंडाशी मास्क, पट्टा, दोर आणि परमिट होते का, हे विचारायला हवे. आणि ते विचारणे तुमचे काम नाही, ते कारखाने निरीक्षकाचे आहे.

तेव्हा निरीक्षकाकडेच आधी वळू, कारण इथे दिवस मोजके आहेत. कारखान्यातील सुरक्षिततेचे काम गुजरातेत औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय पाहते, लोक त्याला ‘डिश’ म्हणतात. कारखाने कायद्याखालच्या गुन्ह्याची फिर्याद, तो गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायालयात दाखल व्हावी लागते. तुमचे दोन महिने गेले आहेत. वहिनींच्या सहीने या कार्यालयाला आजच एक साधा अर्ज द्या : अमुक तारखेला, अमुक कारखान्यात असा मृत्यू झाला, तपासणी झाली का, कलम ३६ चे पालन होते का, कोणती कारवाई झाली. पोच घ्या. चौकशीच्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात वेगळी मागा. हा अहवाल पुढे भरपाईच्या दाव्यात तुमचा सर्वांत उपयोगी कागद ठरू शकतो.

कारखाना म्हणतो, तो आमचा माणूस नव्हता. कंत्राटी कामगाराच्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकू येते आणि प्रत्येक घर ते ऐकून मागे फिरते. भरपाई कायद्याचे कलम १२ सांगते की मालकाने आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेतले आणि अपघात त्याच्याच आवारात झाला, तर तो स्वतःचाच कामगार असल्याप्रमाणे भरपाई देण्यास मूळ मालक बांधील आहे. नंतर ती रक्कम त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्यातला हिशेब. रासायनिक कारखान्यातील टाक्यांची देखभाल धंद्याचा भाग नाही, हे पटवणे सोपे नाही. म्हणून दावा करताना ठेकेदार आणि कारखाना या दोघांनाही त्यात पक्षकार करा.

मात्र दावा नेमका कुठे करायचा, हे एका माहितीवर अवलंबून आहे आणि ती तुमच्या पत्रात नाही. दादाचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, होता का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य विमा योजना लागू होते, त्यामुळे १८,००० पगारावर तो असायलाच हवा होता, ठेकेदाराकडे असला तरी. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते का पाहा; पावती नसेल, तर दादाचे आधार कार्ड घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात चौकशी करा. ईएसआय असेल, तर १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून वेगळी भरपाई मिळत नाही; त्याऐवजी ईएसआय महामंडळ अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतनासारखी रक्कम देते. ती रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के असते, म्हणजे दादाच्या पगारावर कुटुंबाला मिळून महिन्याला साधारण १६,००० रुपये. पत्नीचा वाटा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश, आणि सर्वांची बेरीज मूळ दरापेक्षा जास्त झाली तर त्याच प्रमाणात प्रत्येकाचा वाटा कमी होतो. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलीला लग्नापर्यंत ही रक्कम मिळते. विधवा आईचाही अवलंबितांत समावेश आहे. अंत्यविधीसाठी १५,००० रुपये वेगळे. वर्गणी ठेकेदाराने भरली नाही, तर महामंडळ लाभ देऊन त्याच्याकडून वसुली करू शकते, आणि ठेकेदाराच्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावरही असते. तेव्हा ‘त्याचे नाव भरलेच नव्हते’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. लाभाचा अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखी मागा.

ईएसआय लागू नसेल, तर १९२३ च्या कायद्याचा हिशेब असा. मासिक वेतनाचे ५० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. वेतन कितीही असले तरी या हिशेबासाठी ३ जानेवारी २०२० पासून ते जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ३५ पूर्ण वर्षांसाठी गुणांक १९७.०६ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६, एकूण १४,७७,९५० रुपये, आणि अंत्यविधीचा खर्च वेगळा. भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात जमा केली नाही, तर वर्षाला १२ टक्के साधे व्याज लागते. तुमच्या रकमेवर ते वर्षाला सुमारे १ लाख ७७ हजार होते. उशिराला योग्य कारण नसेल, तर आयुक्त भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात आणि तोही कुटुंबालाच मिळतो. हे आकडे मी लोभ दाखवण्यासाठी लिहीत नाही. ३ लाख ही रक्कम मोठी वाटते, कारण तिच्या शेजारी दुसरा आकडा कोणी ठेवलेलाच नसतो.

भरपाईचा अर्ज आयुक्तांकडे मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, म्हणजे तुमच्यासाठी सप्टेंबर २०२७ पूर्वी. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथे तो करता येतो, त्यामुळे तुम्हाला बडोद्याबाहेर जावे लागणार नाही. ईएसआयचा निर्णय रखडला, तर त्याची वाट पाहत ही मुदत जाऊ देऊ नका. कायद्याने आयुक्तांना अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले आहे. प्रत्यक्षात जास्त काळ लागतो, त्याची मनाची तयारी ठेवा. पण मालकाला निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे असेल, तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, आणि ही अट कुटुंबाच्या बाजूची आहे.

याच सदराच्या इतर वाचकांसाठी इथे एक गोष्ट नोंदवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि भरपाई, ईएसआय, पीएफ व ग्रॅच्युइटी यांचे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. तुमच्या दादाचा अपघात त्याआधीचा असल्याने तुमचा हक्क जुन्या कायद्याने ठरतो. त्यानंतरच्या अपघातांत भरपाईचा गाभा तसाच आहे, शिवाय घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, नोकरीतलाच धरला जाण्याची स्पष्ट तरतूद भरपाईच्या प्रकरणात आली आहे. सुरक्षिततेच्या नव्या संहितेत कर्तव्य न पाळल्याने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, आणि त्यातला निदान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

तिसराही मार्ग आहे, दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा. त्यात रकमेला १५,००० वेतनाची मर्यादा नसते, पण मालकाची चूक तुम्हालाच सिद्ध करावी लागते, आणि आयुक्तांकडे दावा केल्यावर हा मार्ग बंद होतो. ईएसआय असेल तर मालकाविरुद्ध तो मुळातच मिळत नाही. दोन लहान मुले आणि मिळवता माणूस गेलेले घर यांना मी तो सुचवणार नाही.

दावा न करताही जे पैसे घराचे आहेत, ते या गोंधळात विसरले जातात. पीएफ कापला जात असेल, तर शिल्लक रकमेशिवाय वहिनींना आणि मुलांना पेन्शन आहे, आणि पीएफशी जोडलेल्या विम्यातून, बारा महिने सलग नोकरी झाली असल्यास, किमान २.५ लाख ते कमाल ७ लाख रुपये मिळतात. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट मृत्यू झाल्यास लागू होत नाही, त्यामुळे दादाची चार वर्षे वाया गेलेली नाहीत. सगळा पगार मूळ वेतनात धरला तर ती सुमारे ४१,५०० रुपये होते. आणि दादाचे बँकेचे पासबुक घेऊन बसा. मे-जूनच्या सुमारास २० रुपये किंवा ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली, तर त्या पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा योजनांच्या आहेत. प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण असते आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ताही नसतो. बँकेत लगेच दावा द्या.

आता एक नाजूक गोष्ट. तुमचे पत्र मोठे आहे, त्यात काकांचे मत आहे, ठेकेदारांचे आहे, कारखान्याचे आहे, तुमचे आहे. वहिनींचे मत त्यात कुठेही नाही. कायद्याच्या दृष्टीने हा हक्क त्यांचा, दोन मुलांचा आणि तुमच्या आईचा आहे. सज्ञान भाऊ म्हणून तुम्ही अवलंबितांत येत नाही. तुम्ही धावपळ करावी, हे योग्यच आहे, घराला तुमच्याशिवाय आज कोण आहे? पण निर्णय वहिनींसमोर बसून, त्यांना सगळे आकडे सांगून व्हायला हवा. रकमेची वाटणी कशी होईल, यावरून सासू-सुनेत अंतर पडेल, अशी धास्ती घरात असेल, तर ती वाटणी घराने करायची नसते. आयुक्त ती ठरवतात आणि मुलांचा हिस्सा त्यांच्या नावाने गुंतवून ठेवण्याचा आदेश देतात.

तुम्हाला कबूल केलेल्या नोकरीविषयीही याच संदर्भात बोलले पाहिजे. नोकरीची गरज असणे यात काही गैर नाही. मात्र ती नोकरी तुम्हाला मिळणार आणि तिच्यासाठी ज्या हक्कावर पाणी सोडायचे तो पुतण्या-पुतणीचा, असा हा व्यवहार आहे. तुम्ही तो अशा दृष्टीने पाहिला नसेल, म्हणून मी सांगतो आहे. शिवाय शब्द तोंडी आहे आणि त्याची मुदत ‘काही महिन्यांनी’ आहे, तर निरीक्षकाकडची मुदत या महिन्यातच संपते. कारखान्याला नोकरी द्यायची असेल, तर ती वहिनींना आधी विचारून आणि लेखी द्यावी. दाव्याशी तिचा संबंध जोडू नये.

चेकचे पैसे परत करू नका आणि लपवूही नका. अर्जात स्पष्ट लिहा की अमुक तारखेला ३ लाख मिळाले आणि अशा कागदावर सह्या घेतल्या. त्या कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल, तर ठेकेदारांकडे मागा.

वकिलांचे म्हणाल, तर महिलेला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात वहिनींनी अर्ज करावा; १५१०० या क्रमांकावरही चौकशी होते. खासगी वकील घेतलात, तर मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. वकिलांच्या व्यावसायिक नियमांत तसा करार बसत नाही, आणि अपघातग्रस्त घरांभोवती असे करार करणारे फार लवकर पोचतात.

कागद जमवताना पोलिसांकडून आकस्मिक मृत्यूच्या नोंदीची किंवा एफआयआरची प्रत, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल घ्या. गॅसने मृत्यू झाल्यास व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी पाठवतात आणि तो अहवाल उशिरा येतो. त्याचा पाठपुरावा कोणी केला नाही तर तो फाइलीत पडून राहतो. गुन्हा नोंदवलाच नसेल, तर वहिनींनी लेखी फिर्याद द्यावी. ठाण्यात घेतली नाही, तर ती पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे पाठवावी, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तलाठ्याकडून पेढीनामा (वारसांची वंशावळ), दादाचा गेटपास, ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे, हेही लागेल. दादाचा फोन जपून ठेवा आणि तो रीसेट करून मुलांना खेळायला देऊ नका. सुपरवायझरचे त्या दिवशीचे मेसेज, हजेरीचे फोटो, टाकीजवळचा एखादा व्हिडिओ त्यात असू शकतो. सगळे कागद गुजरातीत असतील. वहिनींना वाचायला अडचण असेल, तर सही करण्याआधी प्रत्येक ओळ कोणाकडून तरी मराठीत ऐकून घ्या. पहिल्या वेळी ते झाले नसावे, असे मला वाटते.

आणि तो हेल्पर. टाकीत आधी कोणाला उतरवले, कोणाच्या सांगण्यावरून, दोर होता का, हे सगळे प्रत्यक्ष पाहिलेला तो माणूस आहे. अशा कामांवरची मुले बहुतेक बाहेरगावची असतात, अपघातानंतर त्यांना घरी पाठवले जाते आणि मग नंबर बदलतो. त्याचा फोन आणि गावचा पत्ता दादाच्या इतर सोबत्यांकडून आजच मिळवा. फोन लावाल तेव्हा वहिनींना शेजारी बसवा, आणि जबाब, कोर्ट, साक्ष यांचे काही बोलण्याआधी त्याची तब्येत कशी आहे, ते विचारा.